पावसातील ट्रायथलॉन आणि आपल्या गल्लीतील पाणी

मागील अंकात आपण डासांपासून होणाऱ्या तापांची माहिती घेतली. या अंकात पावसाळ्यातील दुसऱ्या एका तापाकडे वळायचे आहे. मात्र सुरुवात दवाखान्यापासून न करता एका खेळापासून करू. कारण या तापाचे दोन मोठे धडे त्या खेळाच्या स्पर्धेत, भर पावसाळी हवेत, जगाला मिळालेले आहेत. खेळ परदेशातला असला तरी पाणी आपल्या ओळखीचे आहे.

ट्रायथलॉन म्हणजे काय?

ट्रायथलॉन म्हणजे तीन शर्यती एकापाठोपाठ एक. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची, शेवटी धावायचे. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला पहिल्यांदा आला. तिथे अंतर असते १५०० मीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. मध्ये विश्रांती नाही. पाण्यातून बाहेर येऊन सायकलवर बसेपर्यंतचा वेळही शर्यतीतच मोजला जातो. आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर याहून लांब अंतराची स्पर्धा झाली. तिथे १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असे अंतर होते.

या खेळातील पोहणे बहुतेक वेळा बंदिस्त तलावात नसते. नदी, सरोवर नाहीतर समुद्र, अशा उघड्या पाण्यात उतरावे लागते. म्हणून या खेळात हवामानाला फार महत्त्व आहे.

दिसणारे तीन धोके

पाऊस आला की स्पर्धकाला तीन धोके समोर दिसतात.

पहिला धोका गारठ्याचा. ओले अंग कोरड्या अंगापेक्षा फार लवकर थंड पडते. पोहून ओला झालेला माणूस सायकलवर बसतो, वारा लागतो, वरून पाऊस चालूच असतो. आधी हुडहुडी भरते. मग बोटे वळत नाहीत, ब्रेक दाबता येत नाही, जीभ जड होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. हुडहुडी थांबली आणि माणूस सुस्त झाला, तर तो बरा झाला असे समजू नये. ते जास्त बिघडल्याचे लक्षण आहे. अशा माणसाचे ओले कपडे काढावेत, अंग पुसून कोरडे पांघरूण घालावे, शुद्धीवर असेल तर कोमट गोड पाणी द्यावे आणि दवाखान्यात न्यावे. दारू देऊ नये. दारूने ऊब वाटते, पण शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. पाणी फार थंड असेल तर स्पर्धेचे आयोजक पोहणे रद्दच करतात.

दुसरा धोका ओल्या रस्त्याचा. २०२४ साली ३१ जुलैला पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांची ट्रायथलॉन झाली. पहाटे पाऊस पडून गेला होता. दगडी फरशीचे रस्ते ओले होते आणि अनेक खेळाडू सायकलवरून घसरून पडल्या. फ्रान्सच्या कासांद्र बोग्रां यांनी सुवर्णपदक जिंकले.

तिसरा धोका विजेचा. वीज चमकत असेल तर पाण्यात कोणालाही ठेवत नाहीत. २०२१ साली २७ जुलैला टोकियोतील महिलांची शर्यत वादळी पावसामुळे पंधरा मिनिटे उशिरा सुरू केली होती. हवा निवळू लागल्यावर खेळाडूंना पाण्यात सोडले गेले.

हे तिन्ही धोके तिथल्या तिथे कळतात. थंडी वाजते, सायकल घसरते, वीज दिसते. चौथा धोका मात्र स्पर्धेच्या दिवशी दिसत नाही. स्पर्धक पदक गळ्यात घालून घरी जातो, आठवडा-दोन आठवडे उलटतात आणि मग एकाएकी ताप येतो. आजचा धडा या चौथ्या धोक्याचा आहे. त्याचे नाव लेप्टोस्पायरोसिस. आपल्याकडे सगळे त्याला लेप्टो म्हणतात.

पहिला धडा: एक घोट पाणी

अमेरिकेत इलिनॉय राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे शहर आहे. तिथल्या सरोवरात २१ जून १९९८ रोजी ट्रायथलॉन झाली. ८७६ स्पर्धक होते. स्पर्धेच्या आधी जोरदार पाऊस झालेला होता. स्पर्धा संपली, माणसे आपापल्या गावी परतली आणि नंतर एकेकाला ताप येऊ लागला.

तिथल्या आरोग्य खात्याने आणि तज्ज्ञांनी चौकशी केली. ८३४ स्पर्धकांशी संपर्क झाला. त्यांपैकी ९८ जण आजारी पडल्याचे कळले. ४७४ जणांचे रक्त तपासले, त्यांत ५२ जणांना लेप्टो असल्याचे आढळले. त्याच सरोवरात पोहणाऱ्या गावकऱ्यांमध्येही काही रुग्ण सापडले.

ही माणसे दुबळी नव्हती. महिनोन्महिने सराव केलेली, व्यवस्थित खाणारी-पिणारी, ठणठणीत माणसे होती. तरीही जंतूने त्यांना सोडले नाही. आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात, “आम्हाला सवय आहे, आम्हाला काही होत नाही.” सवयीने या जंतूपासून संरक्षण मिळत नाही.

मग कोण आजारी पडले आणि कोण वाचले? चौकशीत मुख्य फरक हा निघाला की ज्यांच्या पोटात सरोवराचे पाणी गेले, एखादा घोट का होईना, त्यांना धोका जास्त होता. जंतू शिरण्याचे पहिले दार म्हणजे तोंड.

दुसरा धडा: एक जखम

आठ वर्षांनी, २००६ च्या उन्हाळ्यात, जर्मनीत हायडेलबर्ग शहरी नेकार नदीत ट्रायथलॉन झाली. याही वेळी आधी जोराचा पाऊस पडून गेला होता. एका स्पर्धकाला लेप्टो झाल्याचे कळताच आरोग्य खात्याने बाकीच्यांची विचारपूस केली. १४२ जणांशी बोलणे झाले आणि त्यांत ५ जणांना लेप्टो असल्याचे पक्के झाले. इथे मुख्य फरक निघाला तो उघड्या जखमेचा. अंगावर जखम घेऊन जे पाण्यात उतरले, त्यांना धोका जास्त होता. हे जंतू शिरण्याचे दुसरे दार.

दोन्ही ठिकाणी बहुसंख्य लोक आजारी पडले नाहीत, हेही लक्षात घ्यावे. पाण्यात पाय पडला म्हणजे लेप्टो झालाच असे नाही, म्हणून घाबरून जाऊ नये. पण दोन्ही ठिकाणी स्पर्धेच्या आधी जोराचा पाऊस झाला होता, ही गोष्ट सारखी आहे. ती का, ते आता पाहू.

पाऊस काय करतो?

लेप्टोचा जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो आणि त्यांच्या लघवीतून बाहेर पडतो. कुत्री, डुकरे, गाई-म्हशी यांच्या लघवीतूनही तो येऊ शकतो. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. कोरड्या, उन्हात तापलेल्या जमिनीवर हा जंतू टिकत नाही. ओल्या मातीत आणि साचलेल्या गोड्या पाण्यात मात्र तो कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो.

पाऊस पडला की काठावरची, गटाराकडेची, उकिरड्यावरची घाण धुऊन पाण्यात येते. बिळांत पाणी शिरते आणि उंदीर बाहेर पडतात. जे जंतू इकडे-तिकडे विखुरलेले होते, ते सगळे एकाच पाण्यात उतरतात. म्हणून पाऊस थांबला, आकाश निरभ्र झाले, ऊन पडले, की पाणीही चांगले झाले असे समजू नये. पावसानंतरचे दिवसच जपायचे असतात.

हा जंतू कापलेल्या, खरचटलेल्या कातडीतून शिरतो. पाण्यात फार वेळ राहून पांढऱ्या पडलेल्या, मऊ झालेल्या कातडीतूनही शिरू शकतो. डोळे, नाक आणि तोंड यांच्या आतल्या नाजूक त्वचेतूनही शिरतो. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला हा आजार सहसा होत नाही. म्हणून घरातल्या रुग्णाला वेगळे बसवण्याची, त्याचे ताट वेगळे करण्याची काही गरज नाही.

पॅरिसमध्ये शर्यत का थांबली?

आता पुन्हा पॅरिसकडे वळू. तिथे ट्रायथलॉनचे पोहणे सीन नदीत होते. या नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. ऑलिंपिकसाठी नदी स्वच्छ करण्यावर सुमारे १४० कोटी युरो खर्च झाले. पावसाचे पाणी साठवून ठेवायला जमिनीखाली प्रचंड मोठी टाकी बांधली. कारण पॅरिसच्या जुन्या भागात पावसाचे पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून वाहते. पाऊस जोराचा झाला की गटार भरते आणि जास्तीचे पाणी सांडपाण्यासकट नदीत सोडावे लागते.

एवढे करूनही २६ आणि २७ जुलैला पाऊस झाला आणि नदी बिघडली. पाण्याची तपासणी रोज चालू होती. तिथे लेप्टो नव्हे, तर सांडपाण्यातून येणारे विष्ठेतील जंतू मोजत होते. पण पाणी बिघडण्याचे कारण तेच, म्हणजे पावसाने वाहून आणलेली घाण. जंतूंचे प्रमाण जास्त निघाले म्हणून २८ आणि २९ जुलैचा पोहण्याचा सराव रद्द केला. ३० जुलैची पुरुषांची शर्यत पुढे ढकलली. ३१ तारखेला पाणी ठरलेल्या मर्यादेत आले, तेव्हा सकाळी महिलांची आणि त्यानंतर पुरुषांची शर्यत घेतली. पाणी सुधारलेच नाही तर पोहणे वगळून फक्त धावणे आणि सायकल अशी शर्यत घेण्याचीही तयारी होती.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सविस्तर सांगितली. जगभराचे प्रेक्षक, ठरलेले वेळापत्रक, पैसा, सगळे बाजूला ठेवून शर्यत थांबवली. का? पाणी कोणीतरी मोजत होते आणि मोजणाऱ्याचे ऐकणेही भाग होते, म्हणून.

आपल्या गल्लीतील पाणी

आता आपल्या वस्तीकडे या. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लाखो लोक गळाभर, कमरेभर पाण्यातून चालत घरी गेले. त्यानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. आमच्या वस्त्यांत मात्र त्यासाठी २६ जुलैची गरज नसते. दरवर्षी गटार तुंबते, पाणी उंबऱ्याच्या आत येते, त्यातूनच मुले शाळेत जातात, बाया पाणी भरतात, माणसे कामावर जातात.

वॉर्डात काम करताना एक गोष्ट आम्ही वारंवार पाहिली. तापाने फणफणलेल्या रुग्णाला विचारले, “पाण्यात गेला होतात का?” तर तो ठामपणे “नाही” म्हणतो. पाण्यात जाणे म्हणजे पोहायला जाणे, असे त्याच्या मनात असते. मग विचारावे लागते, “कामावरून येताना गुडघाभर पाण्यातून चालत आलात का?” त्यावर उत्तर येते, “ते तर रोजचंच आहे, सिस्टर.” जे रोजचे असते ते डॉक्टरांना सांगायचे राहून जाते आणि आजार तिथेच निसटतो. डॉक्टर मलेरिया, डेंग्यू तपासतात, आणि लेप्टोचा संशय घ्यायला उशीर होतो.

स्प्रिंगफील्डचा स्पर्धक त्या पाण्यात एकदाच उतरला होता. आपला सफाई कामगार, नाल्यातला गाळ काढणारा, कचरा वेचणारी बाई रोज उतरते. हाताला खरचटलेले असते, पायाला चिखल्या झालेल्या असतात. त्यांच्यासाठी पाणी मोजून “आज काम बंद” असे कोणी म्हणत नाही.

लक्षणे कशी ओळखावीत?

घाण पाण्याशी संबंध आल्यावर बहुधा पाच ते चौदा दिवसांत ताप येतो. कधी दोन दिवसांत, तर कधी महिन्याभरानेही येऊ शकतो. खालील लक्षणे पाहावीत.

१. एकाएकी मोठा ताप आणि थंडी वाजणे.
२. जोराची डोकेदुखी.
३. अंगदुखी, त्यातही पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत.
४. डोळे लाल होणे, पण चिपडे न येणे.
५. मळमळ, उलटी, पोटात दुखणे, कधी जुलाब.

पुढील लक्षणे दिसली तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जावे: डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे किंवा बंद होणे, धाप लागणे, थुंकीतून रक्त पडणे, बरळणे. लेप्टो मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसे बिघडवू शकतो.

एक फसवणूक लक्षात ठेवा. काही रुग्णांचा ताप चार-सहा दिवसांनी उतरतो, बरे वाटते आणि मग दुसऱ्यांदा उलटतो. म्हणून ताप उतरला की औषध सोडून कामावर जाऊ नये.

घरात काय करावे?

पाण्यात जाण्याआधी: पायावर, हातावर जखम असेल तर ती पाणी लागणार नाही अशी झाकावी. शक्य असेल तर गमबूट घालावेत. अनवाणी जाऊ नये. साधी चप्पल पाणी अडवत नाही, पण निदान काच-खिळा लागून नवी जखम होत नाही. मुलांना तुंबलेल्या पाण्यात, नाल्यात, खाणीच्या डबक्यात पोहायला आणि खेळायला सोडू नये. पोहायची हौस असेल तर ती स्वच्छ तलावात भागवावी. आपल्या मुलांनीही ट्रायथलॉनपर्यंत जावे, पण ते त्या डबक्यातून नव्हे.

पाण्यातून आल्यावर: घरी येताच पाय साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे पुसावेत. जखम साबणाने धुऊन तिला जंतुनाशक लावावे. ओले कपडे लगेच बदलावेत. तोंडात, डोळ्यांत पाणी गेले असेल तर स्वच्छ पाण्याने चूळ भरावी, डोळे धुवावेत.

दवाखान्यात: पुराच्या पाण्यातून चालल्यावर, विशेषतः पायाला जखम असेल तर, तीन दिवसांच्या आत महानगरपालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे. तिथे गरज पाहून डॉक्सिसायक्लिन नावाची गोळी देतात. ही गोळी मनाने मेडिकलमधून आणून खाऊ नये. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालील मूल यांना ती सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळे औषध ठरवतात. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर घशाखाली जळजळ होते.

ताप आल्यावर: कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सुई टोचून घेऊन कामावर जाण्याची सवय आपल्याकडे आहे. ती या तापात महागात पडते. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या मनाने घेऊ नयेत, मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत पॅरासिटामॉल चालते. वेळेवर प्रतिजैविक सुरू झाले तर लेप्टो बरा होतो. म्हणून डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, आपण होऊन एक वाक्य सांगायचे: “मी इतक्या दिवसांपूर्वी घाण पाण्यातून गेलो होतो.” हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा, विशेषतः जो रुग्णाबरोबर जाणार त्याला.

वस्तीने काय मागावे?

घरातली काळजी घरात घ्यावी, पण गटार एकट्या घराने साफ होत नाही. पावसाळ्याआधी नालेसफाई, रोज कचरा उचलणे आणि मूषक नियंत्रण या तीन गोष्टींचा अर्ज वस्तीच्या सह्यांनिशी वॉर्ड ऑफिसला द्यावा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. पाणी तुंबल्यावर आरोग्य शिबिर वस्तीतच लावावे, अशी मागणी करावी. सफाईच्या कामावरील माणसांना गमबूट, हातमोजे आणि प्रतिबंधक औषध देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. कंत्राटदार “संपले” म्हणाला तर तेही लेखी मागावे.

पॅरिसच्या खेळाडूसाठी पाणी मोजले, शर्यत थांबवली, हे योग्यच झाले. तोच न्याय नाल्यात उतरणाऱ्या माणसाला लागू व्हावा, एवढीच आपली मागणी आहे.

उजळणी

रविवारी एकत्र जमाल तेव्हा हे प्रश्न एकमेकांना विचारा.

१. पाऊस थांबल्यावरही पाणी धोक्याचे का असते?
२. स्प्रिंगफील्डच्या स्पर्धेतून कोणते दार कळले आणि हायडेलबर्गच्या स्पर्धेतून कोणते?
३. पोटऱ्या दुखून मोठा ताप आला तर डॉक्टरांना कोणते वाक्य सांगायचे?
४. पाण्यातून गेल्यावर किती दिवसांच्या आत दवाखान्यात विचारायचे?
५. आपल्या गल्लीत सफाईचे काम करणाऱ्या किती जणांकडे आज गमबूट आहेत?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे या पानावर आहेत. पाचव्याचे उत्तर गल्लीत फिरून काढा, आणि आकडा अर्जात लिहा.